मंडई : वास्तू आणि वहिवाट

बाजार कशाला म्हणावे, असा प्रश्न शहरातील गृहस्थास विचारला तर तो एखाद्या इमारतीकडे बोट दाखवील. तोच प्रश्न ब्रह्मपुरीकडील कास्तकारास विचारला तर तो एका वाराचे नाव सांगेल. एकाच्या लेखी बाजार म्हणजे जागा, दुसऱ्याच्या लेखी बाजार म्हणजे दिवस. दोन्ही उत्तरे खरी आहेत. परंतु दोन्ही अपुरी आहेत. कारण जागा आणि दिवस यांच्या जोडीला तिसरी एक गोष्ट असल्यावाचून बाजार भरत नाही. कोणी कोठे बसावे, कोणत्या हक्काने बसावे, कोणत्या मापाने द्यावे-घ्यावे, बसण्याचे पैसे किती व कोणास द्यावे, आणि तंटा पडला तर तो कोणी तोडावा, हे सर्व ठरलेले असावे लागते. या ठरलेपणास जुनी मराठी ‘वहिवाट’ म्हणते. एखादा जुना बाजार मोडकळीस आला आणि त्याचा जीर्णोद्धार करण्याची वेळ आली म्हणजे बहुधा विचार होतो तो जागेचा. वहिवाटीचा विचार मागाहून होतो, किंवा होतच नाही. महाराष्ट्रातील मंडयांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला असता या एका चुकीची किंमत कोणी दिली, हे स्पष्ट दिसून येते.

आरंभ ब्रह्मपुरीपासूनच करणे योग्य होईल. वैनगंगेच्या पश्चिमेस वसलेला हा मुलूख धानाचा, तलावांचा आणि अरण्याचा. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले, पुढे १८६१ साली मध्य प्रांत अस्तित्वात आला, आणि चांदा जिल्ह्यात ब्रह्मपुरी हे तहसिलीचे ठिकाण झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी अरुंद रुळांची आगगाडी या भागात आली; शतक संपता संपता तेच रूळ रुंद झाले. १९८२ साली नदीपलीकडील गडचिरोलीचा जिल्हा निराळा झाला. इतक्या घडामोडी झाल्या, परंतु झाडीपट्टीतील आठवडी बाजाराचे मूळ स्वरूप फारसे पालटले नाही. धान, तांदूळ, पोहे, लाखोळी, जवस. जंगलातून आलेली मोहफुले, चारोळी, डिंक आणि मध. बुरडांची सुपे व टोपल्या, कुंभारांची मडकी, ढिवरांची ताजी आणि सुकी मासळी, कोष्ट्यांची लुगडी, अशी या बाजारची संपत्ती. ती मांडावयास इमारत लागत नसे. झाडाची सावली, दोन हात जमीन आणि अंथरावयास पोते एवढ्यावर दुकान उभे राही.

इमारत नव्हती म्हणून व्यवस्था नव्हती असे मात्र समजू नये. मासळीवाल्या एका बाजूस, कुंभार दुसऱ्या बाजूस, धान्याचे कुडव मोजणारे तिसऱ्या बाजूस, हा क्रम कोणी लिहून ठेवलेला नसला तरी सर्वांच्या अंगवळणी पडलेला असे. सासूने ज्या जागेवर टोपली ठेवली त्याच जागेवर पुढे सुनेने ठेवावी, आणि शेजारणीनेही ती जागा तिचीच म्हणून राखावी, अशी रीत असे. मालगुजारीच्या काळी बाजारची बैठक मालगुजाराची माणसे वसूल करीत. मालगुजारी गेल्यावर तो अधिकार पंचायतींकडे व नगरपालिकांकडे आला, आणि पुष्कळ ठिकाणी वसुलीचा लिलाव होऊ लागला. म्हणजे पैसे घेणारा बदलला. पोत्यावर बसणारी बाई होती तेथेच राहिली. तिच्या जागेचा कागद मालगुजाराच्या दप्तरात नव्हता, तसाच पुढेही नव्हता. ही एवढी गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व कथेचे मर्म तीत आहे.

आता मोठ्या शहरांकडे वळू. पक्क्या मंडईची कल्पना आपल्याकडे प्रथम भव्य रूपाने उभी राहिली ती मुंबईत. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला, आणि युद्ध संपताच सट्ट्याचा डोलारा कोसळला. शहराची वस्ती मात्र वाढलेलीच राहिली. त्याच १८६५ साली आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. त्यांच्या हाती अधिकार पुष्कळ होता आणि त्यांच्या स्वभावात उतावळेपणही पुष्कळ होते. शहराच्या स्वच्छतेचा त्यांनी ध्यास घेतला. त्या ध्यासातूनच १८६९ साली तयार झालेली मंडई निपजली. विल्यम इमर्सन या शिल्पज्ञाने तिचा आराखडा केला. कुर्ल्याचा पिवळसर दगड आणि वसईचा तांबडा दगड तिच्या भिंतींना लागला. प्रवेशद्वारावरील शेतकऱ्यांची चित्रे आणि आतील कारंजे यांची कल्पना जॉन लॉकवुड किपलिंग यांची. हे गृहस्थ जवळच्याच जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते, आणि प्रसिद्ध ग्रंथकार रडयार्ड किपलिंग यांचे वडील. १८८२ साली या मंडईत विजेचे दिवे लागले. शहरातील वास्तूंमध्ये हा मान तिला पहिल्याने मिळाला.

या मंडईने मुंबईचे आरोग्य सुधारण्यास हातभार लावला, हे निर्विवाद आहे. भाजी, फळे, मांस यांची विक्री झाकलेल्या, धुता येण्याजोग्या फरशीवर होऊ लागली. परंतु क्रॉफर्डसाहेबांचा खर्चाचा हात इतका सैल होता की नगरपालिका कर्जात बुडाली, आणि १८७१ साली करदात्यांनी मोठी चळवळ केली. तिचा परिणाम असा झाला की १८७२ च्या कायद्याने चौसष्ट सभासदांची नगरपालिका स्थापन झाली आणि त्यांपैकी निम्मे सभासद करदात्यांनी निवडावयाचे ठरले. लोकांचा पैसा लोकांना विचारून खर्चावा हे तत्त्व मुंबईने या प्रकारे पदरात पाडून घेतले. तथापि मत देण्याचा हक्क ठराविक रकमेहून अधिक कर भरणाऱ्यांपुरताच होता. जिच्या पाटीवर मंडई उभी होती ती भाजीवाली त्या यादीत नव्हती.

मुंबईच्या पाठोपाठ पुण्याचा विचार करावयाचा. पुण्याचा भाजीबाजार त्या काळी शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरे. उन्हाळ्यात धुरळा आणि पावसाळ्यात चिखल, अशी तेथील अवस्था. नगरपालिकेच्या मनात आले की आपणही एक पक्की मंडई बांधावी. शुक्रवार पेठेतील खासगीवाल्यांच्या बागेची जागा घेण्यात आली, आणि सुमारे तीन लाख रुपये खर्चाचे काम उभे राहिले. मध्यभागी अष्टकोनी मनोरा आणि त्याभोवती आठ दिशांना पसरलेली आठ दालने, अशी तिची रचना. ५ ऑक्टोबर १८८६ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले, आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला रे मार्केट हे नाव मिळाले.

या मंडईच्या कल्पनेस नगरपालिकेत ज्यांनी विरोध केला, त्यांत अग्रभागी होते जोतीराव फुले. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी शहर शृंगारण्यास एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रश्न निघाला तेव्हाही त्यांनी विरोधी मत दिले होते. मंडईच्या बाबतीत त्यांचे म्हणणे असे की, एवढी मोठी रक्कम दगडविटांत घालण्यापेक्षा गोरगरिबांच्या मुलांच्या शिक्षणाकडे लावावी. १८८२ साली हंटर साहेबांच्या शिक्षण आयोगापुढे त्यांनी जे निवेदन केले, त्याचाही रोख हाच होता. शेतकऱ्याच्या करातून गोळा झालेला पैसा शेतकऱ्याच्या मुलाच्या वाट्यास येत नाही, हे त्यांच्या विचाराचे सूत्र. आणि १८८३ साली त्यांनी सिद्ध केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाचाही प्राण तोच.

जोतीरावांचा हा विरोध वाचून कित्येकांचा असा समज होतो की, त्यांना व्यापाराची किंवा बांधकामाची जाण नसावी. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. त्यांचे घराणे माळ्याचे. फुलांच्या व्यवसायावरून फुले हे आडनाव त्यांना पडलेले. त्यांनी स्वतः बांधकामाची कंत्राटे घेतली होती. मांजरीस त्यांची शेती होती. म्हणजे भाजी मळ्यात कशी पिकते, पाटीतून पेठेत कशी येते, आणि दगडाच्या भिंतीस खर्च किती येतो, या तिन्ही गोष्टी नगरपालिकेच्या इतर सभासदांपेक्षा त्यांना अधिक ठाऊक होत्या. मंडई नको असे म्हणणारा मनुष्य मंडईतला होता. म्हणून त्याच्या आक्षेपाकडे निव्वळ काटकसरीचा आक्षेप म्हणून पाहता येत नाही. पैसा कोणाचा आणि सोय कोणाची, हा त्याचा प्रश्न होता.

पुढे काय झाले? मंडई बांधली गेली, आणि ती चालली. इतकी चालली की पुणेकरांनी रे साहेबांचे नाव व्यवहारात फारसे वापरलेच नाही. नुसते ‘मंडई’ म्हटले की काम भागे. बाजाराबरोबर तेथे सभा आल्या, उत्सव आले, राजकारण आले. ‘मंडई विद्यापीठ’ हा शब्द पुणेकर थट्टेने वापरीत, पण त्या थट्टेत अभिमान होता. २२ जुलै १९२४ रोजी पंडित मोतीलाल नेहरू यांच्या हस्ते लोकमान्य टिळकांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेही मंडईतच. पुढे १९३८ च्या सुमारास, आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने, रे मार्केटचे नाव बदलून महात्मा फुले मंडई असे ठेवण्यात आले. ज्यांनी हिच्या बांधणीस विरोध केला त्यांचेच नाव हिला मिळाले. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही त्यांचेच नाव मिळाले, आणि नागपुरातील कॉटन मार्केटचा भाजीबाजारही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

या योगायोगाकडे पाहून हसणे सोपे आहे. जरा थांबून पाहिले तर त्यात एक न्याय दिसतो. जोतीराव आणि नगरपालिका या दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे ठरले. आरोग्याच्या दृष्टीने छप्पर, फरशी, पाणी आणि गटार यांची गरज होती. त्या अर्थाने नगरपालिका चुकली नाही. परंतु दगडी कमानींनी शेतकऱ्याचे मूळ दुःख दूर होत नाही, हे जोतीरावांचे म्हणणेही काळाने खरे ठरविले. माल आणणाऱ्यास भाव ठरविण्यात आवाज नव्हता. हातरुमालाखाली बोटे दाबून सौदा व्हावा, आडत कापली जावी, हमाली कापली जावी, धर्मादाय कापला जावा, तोलात सूट म्हणून मूठभर माल निराळा काढला जावा, आणि उरलेले पैसे शेतकऱ्याने निमूटपणे मोजून घ्यावे, हा प्रकार उघड्या पटांगणात चालत असे आणि कौलारू छपराखालीही चालत असे. वास्तू बदलली तरी वहिवाट बदलली नाही, तर पाटीतला माल तेवढा सावलीत येतो; पाटी आणणारा उन्हातच राहतो.

याच संदर्भात वऱ्हाडातील एका घटनेचे स्मरण करणे अगत्याचे आहे. पुण्याची मंडई उघडली त्याच १८८६ साली कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. वऱ्हाड तेव्हा हैदराबादच्या रेसिडेंटच्या देखरेखीखाली होता, आणि त्याच्या हुकुमाने ही व्यवस्था झाली. हिंदुस्थानातील नियंत्रित बाजारांचा इतिहास येथूनच सांगण्याचा प्रघात आहे. १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला, आणि बाजाराची जागा, तोल, दलाली यांना नियम लागले. पुण्यास मनोरा उभा राहिला त्याच वर्षी कारंज्यास नियम उभे राहिले. एकीकडे बाजाराची वास्तू घडली, दुसरीकडे बाजाराची वहिवाट घडली. मनोऱ्याचे चित्र निघते, नियमांचे चित्र निघत नाही. म्हणून शाळेतील मुलांस पुण्याची मंडई ठाऊक असते आणि कारंज्याचा बाजार ठाऊक नसतो.

परंतु नियम झाले म्हणजे सर्व झाले, असेही नाही. नियम कोण करतो व कोण चालवितो, यावर त्यांचे फळ अवलंबून असते. वऱ्हाडातील त्या जुन्या बाजार समित्यांत भरणा व्यापाऱ्यांचा होता. कापूस पिकविणाऱ्या कास्तकारास तेथे जागा नव्हती. १९२८ साली शेतकी विषयक राजकीय आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात नियंत्रित बाजारांचा पुरस्कार करतानाच पिकविणाऱ्यांचे प्रतिनिधी समितीत असले पाहिजेत याकडे लक्ष वेधले गेले. पुढे महाराष्ट्रात १९६३ चा कृषी उत्पन्न बाजाराचा कायदा झाला, त्यात शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींस मोठे स्थान मिळाले. ब्रह्मपुरीसही या कायद्याखालील बाजार समिती आहे, आणि धानाचा व्यवहार तीत होतो. १८८६ ते १९६३ हे अंतर सत्याहत्तर वर्षांचे. ज्याचा माल त्यास समितीत खुर्ची, एवढी साधी गोष्ट मान्य व्हावयास तीन पिढ्या लागल्या.

मंडईचा जीर्णोद्धार करताना वास्तू आणि वहिवाट यांची फारकत झाली म्हणजे काय होते, हे परदेशातील दोन मोठ्या शहरांनी दाखवून दिले आहे. पॅरिसच्या मध्यभागी लोखंडी व काचेच्या मंडपांची एक विशाल मंडई एकोणिसाव्या शतकात बांधण्यात आली होती. १९६९ साली तेथील घाऊक बाजार शहराबाहेर रंजिस येथे नेण्यात आला, आणि १९७१ साली जुने मंडप पाडण्यास आरंभ झाला. तेथे वास्तू गेली आणि बाजारही गेला. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनची कथा निराळी. तेथील फळभाज्यांचा बाजार १९७४ साली टेम्स नदीपलीकडे नाइन एल्म्स येथे गेला. जुनी इमारत पाडू नये म्हणून नागरिकांनी झगडा केला, आणि ती वाचली. १९८० साली ती डागडुजी होऊन पुन्हा उघडली, ती शोभेच्या वस्तूंची दुकाने आणि उपाहारगृहे यांच्यासाठी. वास्तू जशीच्या तशी राहिली. भाजीवाले मात्र परत आले नाहीत. पहिल्या उदाहरणास आपण विध्वंस म्हणतो आणि दुसऱ्यास जतन म्हणतो. पाटीवाल्याच्या दृष्टीने पाहिले तर दोहोंत फरक तो काय?

या तुलनेत आपल्या मंडयांचे भाग्य बरे म्हटले पाहिजे. पुण्याचा घाऊक बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. तरीही किरकोळ विक्री जुन्या मंडईत चालूच राहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये मंडई या नावाचे भुयारी रेल्वेचे स्थानकही तेथे सुरू झाले. मुंबईस या शतकाच्या पहिल्या दशकात असा बेत पुढे आला होता की, क्रॉफर्ड मार्केटच्या जागेचा पुनर्विकास खाजगी विकासकाच्या हातून करवून घ्यावा. वास्तुशास्त्रज्ञांनी आणि जुन्या वास्तूंच्या अभिमान्यांनी त्यास कसून विरोध केला. शेवटी महापालिकेने जुन्या इमारतीच्या दुरुस्तीचे काम स्वतः हाती घेतले. क्रॉफर्डसाहेबांच्या खर्चावरून १८७१ साली जो वाद माजला, त्याचेच हे नवे रूप होते. वास्तू लोकांची असेल तर तिचा सौदा कोणी कोणाशी करावा?

आता जीर्णोद्धार म्हणजे प्रत्यक्षात काय करावे लागते, तेही पाहणे आवश्यक आहे. मंडई जुनी झाली असे आपण म्हणतो तेव्हा तिच्या भिंती जुन्या झालेल्या असतातच असे नाही. काळ्या दगडाची भिंत शंभर वर्षांत थकत नाही. प्रथम थकते ते छप्पर. एक कौल सरकते, पन्हळीत कचरा साठतो, पावसाचे पाणी लाकडात मुरते, आणि दहा वर्षांनी तुळई वाकते. त्याच वेळी फरशीचा उतार बिघडतो. धुतलेले पाणी गटाराकडे जाण्याऐवजी गाळ्यापुढे साचते, तेथे पाला कुजतो, आणि गिऱ्हाईक नाकाला पदर लावून बाहेरच्या बाहेर खरेदी करू लागते. कौल बसविणे आणि गटार उपसणे ही कामे अल्प खर्चाची आहेत. परंतु ती दरवर्षी करावी लागतात, आणि त्यांच्या उद्घाटनास कोणी पाहुणा येत नाही. म्हणून ती राहतात. पंचवीस वर्षे साठलेले हे लहान काम एके दिवशी मोठ्या योजनेचे रूप घेते. मग सर्वच पाडून नवे बांधू, असा ठराव येतो.

छपराच्या पाठोपाठ थकते ते भाड्याचे पुस्तक. गाळ्याचे भाडे कोणे एके काळी ठरले ते तसेच राहते. मूळ गाळेधारक वारला, मुलाने धंदा सोडला, गाळा पोटभाड्याने दुसऱ्याकडे गेला, त्याने तिसऱ्यास दिला. पुस्तकात नाव आजोबांचेच. नगरपालिकेस मिळणारे भाडे झाडूच्या खर्चासही पुरत नाही, आणि प्रत्यक्ष बसणारा जे पैसे मोजतो ते मधल्यामध्ये राहतात. मग नगरपालिका म्हणते, पैसा नाही म्हणून दुरुस्ती नाही. गाळेधारक म्हणतो, दुरुस्ती नाही म्हणून भाडे वाढवू नका. दोघांचेही म्हणणे ऐकणाऱ्यास पटते, आणि छप्पर गळतच राहते. ही गाठ सोडविण्याचा उपाय गवंड्याच्या थापीत नाही. तो दप्तरात आहे. आज प्रत्यक्ष कोण बसतो याची खरी यादी करणे, भाडे झेपेल असे पण सर्वांस सारखे ठेवणे, त्या भाड्यातील ठराविक हिस्सा त्याच मंडईच्या डागडुजीस बांधून देणे, आणि जमाखर्च मंडईच्या भिंतीवर लावणे, ही कामे दगडी कामाच्या आधी झाली पाहिजेत.

आणि सर्वांत कठीण प्रश्न तिसराच आहे. तो गाळ्यात बसणाऱ्याचा नव्हे. गाळ्याबाहेर बसणारीचा आहे. प्रत्येक मंडईच्या पायरीशी, कमानीखाली, रस्त्याच्या कडेस अशी शेकडो माणसे बसतात, ज्यांचे नाव भाड्याच्या पुस्तकात कधीच नव्हते. रोज पैसे त्यांनी दिले, चिठ्ठीही घेतली. पण चिठ्ठीवर नाव नसते. नव्या इमारतीच्या आराखड्यात गाळे मोजले जातात, पोती मोजली जात नाहीत. बांधकामासाठी बाजार दोन वर्षे दुसरीकडे हलविला, की गाळेवाल्यास परत येण्याचा कागद असतो, पोतेवालीस नसतो. भाजीचा धंदा गिऱ्हाइकाच्या सवयीवर चालतो. दोन वर्षांत ती सवय मोडते. इमारत पूर्ण होते, फीत कापली जाते, आणि ती बाई कोठे गेली हे कोणी विचारीत नाही.

या प्रश्नाकडे कायद्याचे लक्ष गेले ते फार उशिरा. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा कायदा २०१४ साली झाला. त्याने असे ठरविले की, विक्रेत्यांची पाहणी करून त्यांस प्रमाणपत्र द्यावे, पाहणी पुरी होईपर्यंत त्यांस उठवू नये, आणि प्रत्येक शहरात जी समिती नेमावयाची तिच्या सभासदांत विक्रेत्यांनी निवडलेले प्रतिनिधी शेकडा चाळीसांहून कमी नसावेत. त्यांपैकी एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात. १८७२ साली मुंबईत करदात्यास जे मिळाले आणि १९६३ साली शेतकऱ्यास जे मिळाले, ते पाटीवालीस कागदावर मिळावयास २०१४ साल उजाडले. कागद आणि व्यवहार यांत अंतर असते हे खरे. तरी मागण्यास आधार आला, हे काही थोडे नव्हे.

ब्रह्मपुरीसारख्या गावांच्या दृष्टीने या इतिहासाचे महत्त्व विशेष आहे. मोठ्या शहरांनी आधी इमारती बांधल्या आणि माणसांचा हिशेब नंतर मांडला. त्यामुळे त्यांना प्रत्येक सुधारणा झगड्याने मिळवावी लागली. लहान गावांस हा क्रम उलटा करणे अजून शक्य आहे. झाडीपट्टीतील बाजारांत कोण कोठे बसते हे आजही लोकांच्या तोंडी आहे. कुंभाराची जागा, बुरडाची जागा, मासळीवालीची जागा, मोहफुले आणणाऱ्या आदिवासी स्त्रीची जागा, ही सर्व वहिवाट जिवंत आहे तोवरच ती लिहून घेता येईल. एकदा का बाजार उठला आणि जेसीबी फिरला, की ती स्मृती मातीबरोबर वाहून जाते. ओटे बांधावेत, पाणी आणावे, दिवे लावावेत, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह करावे, पाऊस अडेल असे छप्पर घालावे; परंतु पहिला खर्च वहीचा आणि पेन्सिलीचा असावा. त्या वहीत गाळेवाल्याइतक्याच ठळक अक्षरांत पोतेवालीचे नाव यावे.

जोतीरावांनी मंडईच्या खर्चाविरुद्ध मत दिले, त्यास आता एकशे चाळीस वर्षे उलटून गेली. त्यांच्या नावाची पाटी मोठमोठ्या मंडयांवर झळकते. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र मंडईच्या पायरीवरच बसून आहे. पैसा कोणाचा आणि सोय कोणाची? जुन्या बाजाराची वास्तू नवी करावयास निघालेल्या प्रत्येक नगरपालिकेने आराखडा उघडण्यापूर्वी आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी तेथे जाऊन उभे राहावे, आणि जमिनीवर मांडलेल्या टोपल्या मोजाव्यात. काम पुरे झाल्यावर पुन्हा त्याच वारी जाऊन त्या पुन्हा मोजाव्यात. दोन्ही आकडे जुळले, तर मंडईचा जीर्णोद्धार झाला असे म्हणावे. न जुळले, तर केवळ एक इमारत बांधली गेली, इतकेच.